अडीच गुंठ्यांतला माळ

पुण्याहून दिवे घाट चढून वर आलं की सासवडकडे जो मुलूख लागतो तो माळाचा. मुरमाड उतार, गुडघाभर गवत, दूर दूर उभं एखादं हिवराचं नाहीतर बोरीचं झाड, ओढ्याकाठी निर्गुडी, बांधावर तरवड आणि सीताफळी. सह्याद्री ओलांडून येईतो पावसाचा जोर सरलेला असतो, त्यामुळे इथे पाऊस बेताचाच. आषाढ-श्रावणात हिरवं, दिवाळीला पिवळंधमक आणि शिमग्यानंतर करडं, असं इथलं रान वर्षभर रंग बदलत असतं. घराभोवती कमी पाण्यावर, कमी मेहनतीत जगणारी बाग करायची असेल तर नमुना या माळाचाच घ्यावा, असं माझं आता पक्कं मत झालंय. घरामागच्या अडीच गुंठ्यांत आम्ही ते करून पाहिलं. त्याची हकिकत जरा तपशिलात लिहिते, कारण ‘नैसर्गिक बाग’ म्हणून जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक भरपूर पावसाच्या भागासाठी असतात, नाहीतर दाट झाडी लावण्याविषयी. कोरड्या पठारावर राहणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

घर घेतलं तेव्हा मागे लॉन होतं. कडेने ड्युरांटाचं कुंपण, कोपऱ्यांत फॉक्सटेल पाम. दिसायला हिरवंगार, पण ते हिरवेपण टँकरवर चाललेलं. भर उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. म्हणजे हजार चौरस फुटांना रोजचे पाचशे लिटर, आणि दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत संपला. ज्या तालुक्यात मे महिन्यात वाड्यावस्त्यांवर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात, तिथे आपल्या अंगणात हे चालू ठेवणं मला पटेना. वर सतत कापणी, युरिया, बुरशीची फवारणी. हे सगळं बंद करायचं, यावर घरात एकमत झालं. त्या जागी काय करायचं, यावर मात्र बराच काळ नाही.

म्हणून पहिला पावसाळा नुसतं बघायचं ठरवलं. छतावरचं पाणी कुठे पडतं, कुठून वाहतं, कुठे साचून राहतं, ते पावसात छत्री घेऊन उभं राहून पाहिलं. लॉनच्या कडेला, माळ्याचं कापायचं यंत्र पोचत नाही अशा पट्ट्यात काय उगवतं, तेही पाहिलं. कुंपणाशी टाकळा, आघाडा, कुर्डू आणि माका होता. सगळ्यात आनंद झाला तो विष्णुक्रांतेचा. जमिनीला चिकटून पसरलेली, नखाएवढी निळी फुलं, सकाळी उघडून दुपारपर्यंत मिटणारी. कुणी लावली नव्हती, कुणी पाणी घातलं नव्हतं. विकतच्या मातीचा थर जिथे विरळ होऊन खालचा मुरूम उघडा पडला होता, तिथेच ती सुखाने वाढत होती.

त्याच वर्षी जेजुरी-मोरगाववरून पुढे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जाऊन आलो. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी राखलेलं गवताळ रान. लोक तिथे चिंकारा बघायला जातात. मी झाडांमधली अंतरं बघत होते. दोन झाडांमध्ये मोकळं गवत, झाडाच्या बुंध्याशी झुडपांचा जथा, मग पुन्हा गवत. सरकारी कागदांत अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतात आणि मग तिच्यावर झाडं लावायच्या मोहिमा निघतात. मला हे फार खुपतं. चंडोल, तित्तर, लांडगा, चिंकारा यांचं घर मोकळं गवत हेच आहे. तिथे दाट झाडी उभी केली तर त्यांनी जायचं कुठे? आपल्या अडीच गुंठ्यांत लांडगा येणार नाही हे खरं, पण मांडणी तरी त्या रानाची ठेवता येते. झाडं चारच लावायची आणि बाकी सगळं गवताला द्यायचं, हे तिथून परतताना ठरलं.

लॉन काढण्याचं काम मार्च-एप्रिलमध्ये घेतलं. ही वेळ महत्त्वाची. आपल्याकडे शेतकरी उन्हाळी नांगरट करून ढेकळं तापू देतात, ती काही उगाच नाही. हरळीची मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी पावसाळ्यात खणल्या तर प्रत्येक तुकड्यातून नवं रोप येतं. वैशाखातल्या उन्हात उलट्या पडल्या की वाळून जातात. दोन गड्यांनी कुदळ-फावड्याने लॉनच्या चवड्या काढल्या, मुळं वर करून पसरल्या आणि त्या तशाच तापत ठेवल्या. त्याखाली अर्धा फूट जाडीची विकतची सुपीक माती होती. ती आम्ही उचलून स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यात नेली. बाग करताना लोक गाड्या भरून काळी माती आणतात. आम्ही असलेली चांगली माती हलवली, हे ऐकून गडी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पण माळावरच्या गवतांना आणि विष्णुक्रांतेसारख्या वनस्पतींना हलकी, निचऱ्याची जमीनच मानवते. सकस माती दिली की पहिल्यांदा माजतं ते तण, आणि या नाजूक मंडळींना ते दाबून टाकतं.

पाण्याचा हिशेब यानंतर केला. हजार चौरस फूट छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९३ लिटर पाणी होतं. वर्षाला ५०० मिलिमीटर धरला तरी ४६ हजार लिटर. हे सगळं गटारात जात होतं. छताचे पन्हळ एका ठिकाणी आणून पाणी उताराला आडव्या खणलेल्या उथळ चरात सोडलं. चर वीतभर खोल, तळ सपाट, एक भरला की पाणी पुढच्यात जाईल असा. घराच्या पायापासून दहा फुटांच्या आत मात्र पाणी जिरू द्यायचं नाही, हे पथ्य कटाक्षाने पाळलं. या चरांच्या खालच्या अंगाला झाडांची जागा ठरली.

झाडं आणली सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून: मेडशिंग, आपटा आणि बहावा. मुद्दाम लहान रोपं घेतली. मोठ्या रोपाचं मूळ पिशवीत गोल गोल फिरलेलं असतं आणि ते जमिनीत सरळ खाली उतरायला फार वेळ घेतं. पळस बियांपासून केला. त्याचं मूळ सुरुवातीलाच खोल जातं, म्हणून ताज्या बिया पावसाच्या तोंडावर जागेवरच पेरलेल्या बऱ्या. मेडशिंगाविषयी दोन शब्द जास्त लिहिते, कारण हे झाड बागांत कुणी लावत नाही आणि ते लावलं गेलं पाहिजे. दख्खनच्या उघड्या टेकड्यांवर, खडकात, हे आपसूक वाढतं. आकार आटोपशीर, फुलं पांढरी, सुवासिक, ऐन उन्हाळ्यात येणारी. शेंगा लांब, चपट्या आणि मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या. पहिल्या दोन उन्हाळ्यांनंतर आमच्या मेडशिंगाला पाणी घालावं लागलेलं नाही.

ते दोन उन्हाळे निभावले ते मडक्यांवर. पाणी झिरपणारी जुनी मातीची मडकी रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायची, भरायची आणि डास होऊ नयेत म्हणून वर झाकणी ठेवायची. माती कोरडी पडली की ती मडक्यातलं पाणी ओढून घेते, ओली असली की झिरपणं मंदावतं. वर शिंपडलेलं पाणी उन्हाने उडून जातं, हे मात्र थेट मुळांशी पोचतं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला मडकी भरली, दुसऱ्यात पंधरवड्याला, मग उकरून काढली. सभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. आसपासचे लोक पाचोळा गोळा करून पेटवतात. आम्ही पोती नेऊन दिली आणि भरलेली पोती घेऊन आलो. बुंध्याला चार बोटं मोकळी सोडून पाचोळा टाकायचा, नाहीतर साल कुजते.

गवताचं ज्ञान मात्र पुस्तकातून मिळालं नाही. पलीकडच्या वस्तीवर मेंढरं राखणारे एक तात्या आहेत. मागच्या रस्त्याने ते कळप घेऊन जातात. मी एक दिवस त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, “तात्या, इथे लावायला कुठलं गवत आणू?” ते उठले, कुंपणाबाहेरून दोन-तीन काड्या उपटून आणल्या आणि एक माझ्या हातात ठेवली. “ताई, कांड्यावर बोट फिरवा.” कांड्याभोवती पांढऱ्या बारीक केसांचं कडं होतं. “ह्ये मारवेल. मेंढरू ह्ये सोडत न्हाय. ह्ये दाराशी लावा.” दुसऱ्याचं पान चुरगाळून नाकाशी धरलं, गुलाबासारखा उग्र-गोड वास आला. ते रोशा गवत. तिसरी होती कुसळी. तिला वाटेवर येऊ देऊ नका म्हणाले, कापडात शिरते आणि मेंढरांच्या लोकरीतून थेट कातडीत जाते.

कुसळीचं बी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी आणि मागे लांब, काळपट, पीळ पडलेली शेपटी. तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाकला की ती शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरायला लागते. वाळली की पुन्हा पीळ घेते. पहिल्या पावसात ओल मिळाली की हेच घडतं आणि बी फिरत फिरत स्वतःला मातीत रोवून घेतं. इतकी सोय घेऊन आलेल्या गवताला माणसाने पेरायची गरजच नाही. आम्ही कुसळीला सगळ्यात मागचा, माणसांचा वावर नसलेला उतार दिला. मधल्या भागात मारवेल आणि पवन्या, पायवाटेच्या कडेला रोशा. जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर, ठोंबं फोडून फूटभर अंतरावर लावली. तात्यांची सून आणि वस्तीवरच्या दोघी जणी मदतीला होत्या. माझ्यापेक्षा त्यांचा हात कितीतरी सफाईने चालत होता.

झुडपांत पहिला मान तरवडाचा. पिवळ्या फुलांनी महिनोन्महिने लगडलेला, शेळी सहसा तोंड लावत नाही, पाणी मागत नाही. त्यावर काळा मोठा भुंगा येतो. तो फुलाला घट्ट धरतो आणि तिथेच गुणगुण करत अंग थरथरवतो. तरवडाचे परागकण परागकोशाच्या टोकाला असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडतात आणि ते असे हलवून काढावे लागतात. साधी माशी हे करू शकत नाही. जवळ उभं राहिलं की उडतानाचा आवाज आणि फुलावरचा आवाज यांतला फरक स्पष्ट कळतो. फुलावर सूर एकदम चढतो. तरवडाबरोबर करवंद, निर्गुडी, पिवळी कोरांटी लावली. रुई आपली आपण आली आणि तिला राहू दिलं. तिच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात. त्या पानं खातात, रुईला पुन्हा पानं फुटतात. सीताफळी मूळची अमेरिका खंडातली, तरीही आधीपासून असलेली ठेवली. ज्या झाडाशी इथल्या पाखरांचं आणि माणसांचं जुळलंय आणि जे बाकीच्यांना हुसकावत नाही, त्याला नुसत्या मूळ गावावरून काढावं असं मला वाटत नाही. घाणेरी, सुबाभूळ आणि गाजर गवत यांना मात्र थारा नाही.

गाजर गवताविषयी स्पष्ट सांगते: कमी मेहनतीच्या बागेची सगळी मेहनत पहिल्या दोन वर्षांत असते, आणि त्यातली निम्मी या एका तणावर जाते. भारतात याची नोंद पहिल्यांदा पुण्यातच झाली, १९५५च्या सुमारास. एकेका झाडाला हजारो बिया. जमीन उकरली की ते हजर. फुलावर यायच्या आत, पाऊस पडून जमीन मऊ असताना, मुळासकट उपटायचं. हातमोजे घालूनच, कारण अंगावर खाज येते, पुरळ उठतं, काहींना दमाही होतो. फुलं आलेलं झाड खतात टाकायचं नाही. टाकळ्याचं बी आम्ही मुद्दाम फेकलं. टाकळ्याची दाटी झाली की गाजर गवताला जागा उरत नाही, हा अनुभव महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणचा आहे. वर कोवळ्या टाकळ्याची भाजी होते, ती वेगळीच. तिसऱ्या पावसाळ्यात मारवेलीचे ठोंब एकमेकांना भिडले आणि उपटायचं काम एकदम कमी झालं.

घरात सगळ्यात मोठी शंका सासूबाईंना होती. “माणसं गवत काढतात, तू लावतेस,” असं त्या म्हणायच्या. त्यांच्या मोगरा, जास्वंद, तुळशीसाठी लॉनची उचललेली सगळी माती स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यात होतीच. तिथे भांडी घासल्याचं, न्हाणीचं पाणी वळवून अळू, केळ, कर्दळ लावली, जशी पूर्वी प्रत्येक परसात असायची. एवढा कोपरा ओला, बाकी सगळं पावसावर. त्यांचं मत खरं बदललं ते गणपतीत. पत्री विकत आणायला त्या दरवर्षी बाजारात जायच्या आणि तिथे मिळणाऱ्या जुडीत काय आहे याची खात्री कधीच नसायची. त्या वर्षी परडी घेऊन मागे गेल्या आणि आघाडा, माका, रुई, बोरीचं पान, विष्णुक्रांत, तुळस, दूर्वा असं एकेक नाव घेत खुडत आल्या. दूर्वांसाठी हरळीचा एक तुकडा त्यांच्याच सांगण्यावरून दगडांची कड करून राखलेला आहे. गौरीला तेरडाही घरचाच होता. तेव्हापासून कोणी पाहुणे आले की बाग त्याच दाखवतात. दसऱ्याला आपटा ओरबाडायला मात्र त्या कुणाला देत नाहीत. घरातल्या प्रत्येकाला एक पान, बस.

शेजाऱ्यांची भीती सापाची. ती खोटी म्हणून उडवून लावू नये. या भागात नाग आहे, घोणस आहे. घराच्या भिंतीपासून सहा फूट गवत नेहमी आखूड ठेवतो. पायवाट दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील इतकी रुंद आणि मुरूम पसरून स्वच्छ. लाकडांचा, विटांचा ढीग घरालगत ठेवत नाही, धान्य-खरकटं बाहेर राहू देत नाही, कारण उंदरांमागे साप येतो. रात्री बॅटरीशिवाय कुणी मागे जात नाही. दुसरी काळजी वणव्याची. माघात गवत असं वाळतं की रस्त्यावरून फेकलेली एक विडी पुरे. म्हणून दिवाळी झाली की कुंपणालगत तीन फूट पट्टा मुळापर्यंत साफ करतो, वनखातं जाळरेषा काढतं तसा. कळलावी कुंपणावर चढू दिली आहे, पण तिचा कंद फार विषारी, तेव्हा शेजारच्या मुलांना ती दाखवून, नाव सांगून ठेवलंय.

आता वर्षाकाठी काम उरलंय ते दोन हंगामांचं. पहिलं ज्येष्ठात: चर साफ करणं, पन्हळ झाडणं, गाजर गवत दिसेल तिथे उपटणं. दुसरं कापणीचं, आणि त्यात तात्यांचं आणि माझं थोडं वेगळं पडतं. चाऱ्यासाठी गवत फुलावर यायच्या आत कापावं, तेव्हा ते गोड असतं. मला बी पडू द्यायचं असतं आणि मनोल्यांना, म्हणजे गवताचं बी टिपणाऱ्या चिमुकल्या पाखरांना, ते खाऊ द्यायचं असतं. म्हणून मारवेलीचा पुढचा पट्टा आश्विनात तात्यांसाठी विळ्याने कापतो आणि उरलेलं संक्रांतीपर्यंत उभं ठेवतो. त्यातलंही दरवर्षी अर्धंच कापायचं, वीतभर बुडखा ठेवून. उरलेल्या अर्ध्यात कोष, अंडी, कोळ्यांची घरं असतात, त्यांना एक वर्ष मिळतं. फाल्गुनापासून मृगापर्यंत सगळं करडं दिसतं, हे आधीच कबूल करून ठेवावं लागतं. ज्यांना बारा महिने हिरवं हवंय त्यांनी ही बाग करू नये. त्या दिवसांत मी संध्याकाळी मेडशिंगाखाली खुर्ची टाकते. फुलांचा वास असतो, वाळक्या गवतात सातभाई पाचोळा उलटसुलट करत असतात आणि मला काही कमी वाटत नाही.

टँकर बागेसाठी आता बोलावत नाही. खत नाही, फवारणी नाही. खर्च उरलाय तो ज्येष्ठातल्या दोन गड्यांच्या मजुरीचा. यंदा फाटकाबाहेरच्या, रस्त्याकडेच्या पट्ट्यात तरवड आणि पिवळी कोरांटी पेरायची आहे. तरवडाच्या शेंगा वाळून डब्यात भरून ठेवल्या आहेत. बी पेरण्याआधी काचकागदावर थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवावं, मग कठीण साल लवकर फुटते. बहाव्याच्या बियांनाही हेच करायचं. कुणाला आपल्या भागात असं काही करायचं असेल तर बी आपल्याच परिसरातल्या बांधावरून, रस्त्याकडेच्या झाडावरून, मालकाला विचारून घ्या. अभयारण्यातून, राखीव रानातून काही उपटून आणू नका. आणि गवत ओळखायला जवळपासचा एखादा मेंढपाळ गाठा. तोवर मारवेलीची ठोंबं हवी असतील तर जुलैत आमच्याकडे भरपूर निघतात.